बाबांनी रंगवलेला डोंगर

बाबा,

स्वयंपाक मीच करते, मग तुमच्या सिनेमाची नवी एचडी डिस्क तांदळाच्या डब्यात कशाला लपवलीत? सापडली. ती घेऊन मावशीकडे चाललेय, तिचा टीव्ही मोठा आहे. सहाला सगळे जमतील. तुम्हीही यायचंय, गुडघ्याचं कारण चालणार नाही.

सेटसाठी तुम्ही रंगवलेल्या डोंगरावर आता ब्रशचे फटकारे दिसतात, चारचौघांत शोभा होईल, असं काल म्हणालात. दिसतात की! खाली रंगाचा एक ओघळही दिसतो. पण जुन्या कॅसेटवर तो डोंगर इतका खरा वाटायचा, की तो कोणी रंगवला हे चाळीस वर्षांत एकानंही विचारलं नाही.

आज विचारतील. दाढी करून या.

— धाकटी