निरसं दूध

अमरावती, डिसेंबर १९६६

प्रिय दादा,

तुझ्या श्रावणचा ताप उतरला. हगवण थांबली. काल त्याने स्वतः मागून पातळ भात खाल्ला. हे आधी वाचून घे, मग पुढचं वाच. आणि एकटा असशील तेव्हाच वाच.

मागे मी म्हशीच्या आजारी वगारीचं शेण डब्यात घालून एसटीने पाठवायला सांगितलं होतं. गावचे बुधाजीकाका डबा घेऊन आमच्या इस्पितळात आले आणि सोबत तुझा निरोप, "अमरावतीत शेण भेटत नाई काय वं तुले?" प्रयोगशाळेत सगळे हसले. मीही हसले. शेण कशाला हवं ते सांगितलं नाही, कारण माझी खात्री नव्हती.

आता आहे. श्रावणच्या पोटात जो जंतू निघाला, तोच त्या शेणात निघाला. आम्ही जंतू काचेच्या ताटलीत वाढवतो आणि त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. श्रावणच्या ताटलीत ते उमटलं नाही. जंतू चकतीला जाऊन भिडले होते. वगारीच्या ताटलीतही तसंच. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची, हे चिठ्ठी पाहिल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं.

तू गुरांच्या दवाखान्यातून, माणसांनाही देतात त्याच औषधाची पिवळी पूड आणतोस. एक वगार हगवणीने गेली, तेव्हापासून ती पुरवून वापरतोस. आजारी वगारीला पुरतं औषध नाही आणि धडधाकट वगारींना मात्र रोज चिमूटभर, गुळाच्या पाण्यातून. तुझ्या मते ती काळजी घेणं होतं. पण एवढ्याशा चिमटीभर औषधाने दुबळे जंतू तेवढे मरतात. त्या औषधाला न जुमानणारे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. मग म्हशीने पान्हा सोडावा म्हणून तीच वगार आधी सडाला लावायची, सड धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि खाली श्रावणचा पेला धरायचा. निरसं, फेसाळ दूध. ओठांवर फेसाची मिशी घेऊन तो अंगणभर मिरवायचा.

या दुधावरून तुला काही सांगणं मला जड जातं. धम्मदीक्षेनंतर तू पहिली म्हैस घेतलीस, तेव्हा हिवरखेडात आपल्या घरचं दूध कोणी घेईना. आई म्हणाली, अकोल्याला नेऊन घाल, तिथे जात कोण विचारतं. तू म्हणालास, "गाव नाई घेत तं नाई घेवो. आपले पोरं पेतीन." त्याच दुधावर मी मॅट्रिक झाले. दूध उकळून घ्या असं कोणी म्हटलं की तुला त्यात जुना विटाळ दिसतो, हे मला ठाऊक आहे. पण हे तुझी बहीण सांगते आहे, गाव नाही.

वहिनी इथून तान्ह्या ताराला घेऊन परतली की ताराला वरचं दूध सुरू होईल. न उकळलेला एक थेंबही तिच्या तोंडी लावू नकोस. ती पूडही बंद कर. वगार आजारी पडली तर ढोरांच्या डॉक्टरला बोलाव, आणि तो सांगेल तेवढं औषध, पुरतं, त्या एकाच वगारीला दे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नेहमीची औषधं हरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे एकच उपाय उरला होता, एक इंजेक्शन. पोर वाचेल, पण कान जाऊ शकतात, असं त्यांनी आधीच सांगितलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तुला विचारायला वेळ नव्हता. मी "द्या" म्हटलं. ताप उतरल्यावर एकदा त्याच्या पाठीमागे पितळी ताट पडलं. त्याने मान वळवली नाही. वहिनीने ते उचललं आणि मुद्दाम पुन्हा पाडलं. मग मला म्हणाली, "तुमीच लिहा ताई, माह्यानं होत नाई." रविवारी येशील तेव्हा दारातून त्याला हाक मारू नकोस. तो वळणार नाही आणि तुला ते सोसणार नाही. सरळ आत ये, त्याच्या पुढ्यात बस. तो तुझ्याशी बोलेल, खूप बोलेल. तूही बोल. तोंड फिरवू नकोस, त्याला तुझे ओठ दिसू दे.

तुझीच, श्रावणची आत्या,
कौशल्या