पस्ताना

७ डिसेंबर २०२५, रविवार
दापोडीची कोंदट खोली सुटली एकदाची! भोसरीतली ही रूम वरच्या मजल्यावर, दाराबाहेर गच्ची. आल्या आल्या तिथं नवा तंबू ठोकून पाहिला. घरमालकीण कुशाबाई कपाळाला हात लावून बघत होत्या. एकोणीसला मी आणि कंपनीतली सृष्टी जैसलमेरकडच्या वाळवंटात तंबूत राहायला चाललोय. चार वर्षं कंपनीत गिअरची मापं तपासतेय, पहिल्यांदाच सलग आठ दिवस रजा मिळालीय. धाराशिवहून अण्णांचा फोन आलाच: पोरींनी असलं काही करायचं नसतं. पण ही सहल माझी आहे. कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. माझ्याही.

१२ डिसेंबर
एकोणीसला अमावस्या निघाली. अवसंला निघू न्हाई, म्हणाल्या कुशाबाई. उपायही त्यांनीच सांगितला: पस्ताना ठेवायचा. प्रवासातली एखादी वस्तू, सुपारी, मूठभर तांदूळ फडक्यात बांधून चांगल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो. फक्त ते गाठोडं परत घरात आणायचं नाही. हसू दाबत माझा केशरी स्कार्फ बांधला आणि पलीकडच्या गल्लीत सृष्टीकडे ठेवून आले. म्हातारीचं समाधान.

१५ डिसेंबर
बॅग भरताना स्कार्फ आठवला. वाऱ्यात तोंडाला बांधायला तोच हवा. सरळ जाऊन गाठोडं घेऊन आले. तांदूळ खिचडीत टाकले. स्कार्फच्या घडीतून बारीक पिवळी वाळू पडली. कुठंतरी बांधकाम चालू असेल. खिचडी मात्र कचकचली.

१६ डिसेंबर
शिफ्टवरून आले, तर कुशाबाई चकित. मघाशीच म्हणे मी आले, त्यांचा अख्खा माठ रिकामा केला आणि वर गेले. गाठोडं परत आणल्याचं सांगितलं. निघालेलीला तू अर्ध्या वाटंवरनं माघारी आणलीस, म्हणाल्या. आत्ताच्या आत्ता परत ठेवून ये. नाही ठेवणार! मी पायांनी निघते, गाठोड्यानं नाही.

१७ डिसेंबर
नवे बूट खोक्यात नाहीत. गच्चीवर सापडले, टाचा झिजलेल्या. तंबू उभा — मी घडी करून ठेवलेला. आत वाळू, तिच्यात माझ्या मापाचा खळगा. लाथेनं उडवला. भीती वाटतेय. तरी जाणार.

१८ डिसेंबर
सृष्टीला फोन केला. ती हळूच म्हणाली, कोण बोलतंय? योगिनी तर तिच्यासमोर बसून पाणी पितेय. ओरडले, मीच योगिनी! फोन कट. धावत गेले, तर कुलूप. शेजारणीनं विचारलं, आत्ताच तर दोघी बाहेर पडलात ना?

१९ डिसेंबर, सकाळ
दाराला बाहेरून कडी. खाली रिक्षा. सृष्टी कुणाला तरी हाक मारतेय, माझ्या नावानं. जिन्यावरून माझे बूट उतरताहेत — माझी बॅग — माझी रजा!

ओरडतेय. घशातून वाळूच —

रडणार नाही. स्कार्फ इथंच आहे. एकदा माघारी आणलीय तिला, परत आणेन.

स्कार्फात डब्यातले तांदूळ बांधले. सुपारी नाही, असू दे. गाठोडं खिडकीच्या गजांतून बाहेर गच्चीवर टाकलं. आता हात घालून आत ओढलं —

बूट थांबले.

वर येताहेत.

ये. काढ कडी. सहल माझी आहे. तुला घाबरून मी काही —