खुर्चीवाला की हातमोजेवाली

४ जून

ती. मामास,

सा. न. नंतर घालीन, आधी भांडण.

पळपुटा? माझ्या कॅप्टनला तू पळपुटा म्हणालास, आणि तेही उघड्या पोस्टकार्डावर! म्हणजे वाटेत चार पोस्टमननी वाचलं असणार. निदान पाकीट तरी वापरायचंस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. पांढऱ्या जहाजाच्या मालिकेतला खुर्चीवाला सव्वाशे भागांत एकदाही खुर्चीवरून हलत नाही, धोक्यात दुसऱ्यांना पाठवतो. त्यापेक्षा दुसऱ्या मालिकेतली, लाल जहाजावरची हातमोजेवाली बरी, इंजिन बंद पडलं की दातांनी ओढून मोजे चढवते, शिडी उतरते आणि स्वतः तेलात हात घालते. अरे, पण ती खाली गेली की वर काय होतं ते कधी बघितलंस? दर वेळी कोणीतरी भलतंच बटण दाबतं. तिच्या निम्म्या भागांची गोष्ट एवढीच आहे: बाई खाली, भानगड वर.

माझा खुर्चीवाला बसून राहतो, कारण अख्खं जहाज एका ठिकाणी बसूनच दिसतं. संकट आलं की तो ‘सगळे मजले, बोला’ म्हणतो. मग एकेकाला विचारतो, तुला काय दिसतंय ते सांग, काय वाटतंय ते नंतर. मग दोन श्वास गप्प बसतो, आणि मग हुकूम. आरडाओरडा नाही की धावाधाव नाही. ह्याला पळपुटा म्हणणाऱ्या माणसाने बावीस वर्षं डोळे मिटून टीव्ही बघितला असला पाहिजे.

आणि बघितला कुठे, तर तुझ्याच दुकानात. सुट्टीभर मी तिथे पडीक. दुरुस्तीला आलेले सात टीव्ही एकदम चालू. एकावर कॅप्टन हिरवा, एकावर मुका, एकावर त्याचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबलेलं. तेव्हा सुरू झालेलं भांडण आता तुझ्या कानांनी संप केल्यामुळे कागदावर आलं. चालेल. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

आता बातमी. आमचे शिफ्टप्रमुख निवृत्त होताहेत आणि मोठ्या साहेबांनी त्यांच्या जागी माझं नाव लावलंय. सहा आठवडे चाचणी. काचेची भट्टी तुला माहीतच आहे, आमची नऊ वर्षं एक क्षण विझलेली नाही. एकदा गार पडली की आतली काच दगड होते, मग भट्टीच फोडावी लागते. शिफ्टप्रमुखाने वर पॅनेलच्या खोलीत बसून सगळं सांभाळायचं. आणि माझ्या फायलीत शेरा आहे, ‘जागेवर सापडत नाही.’ काही वाजलं की मी मोजे चढवून जिना उतरलेली असते. सहा वर्षं खाली भट्टीपाशी काढली, पाय आपोआप तिकडे वळतात. साहेबांनी साफ सांगितलंय, आणखी एकदा असं झालं तर खुर्ची दुसऱ्या शिफ्टच्या चष्मेवाल्याला. तो माणूस वाईट नाही. पण भट्टीकडे तो परीक्षेच्या पेपरासारखा बघतो, लांबून आणि घाम पुसत.

मला ती खुर्ची हवी आहे, मामा. कुणाला बोलले नाही, तुला सांगते.

मामीच्या गुडघ्याला विचारलंय म्हणून सांग. भांडण दाट झालं तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठिणगी


१२ जून

चि. ठिणगीस अ. उ. आ.

हसलो. इतका हसलो की मामी पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

बावीस वर्षं जी खुर्चीवाल्याचा झेंडा नाचवते, तिच्याच फायलीत ‘जागेवर सापडत नाही’! बाई, तू नखशिखान्त हातमोजेवाली आहेस. देव्हाऱ्यात एक आणि रक्तात दुसरा, असं तुझं झालंय.

आता तू म्हणशील, मामा, तुझं काय? तर ऐक, तू विचारण्याआधी कबूल करतो. अडतीस वर्षं मी एका स्टुलावर बसून काढली. अँटेना फिरवायला कधी कुणाच्या गच्चीवर गेलो नाही, तिसऱ्या पायरीला माझे गुडघे वाजतात. गिऱ्हाईक आलं की टीव्हीला हात लावण्याआधी त्याला बसवायचो. म्हणायचो, बिघडलाय हे कळलं, बिघडताना काय दिसलं ते सांगा. आधी रेघ आली की आधी आवाज गेला? निम्मे रोग बोलण्यातच सापडायचे. म्हणजे मी तुझा खुर्चीवाला झालो की नाही? म्हणूनच मला ती शिडी उतरणारी आवडते. जे आपल्याला साधत नाही ते दुसऱ्याला करताना बघायला बरं वाटतं, टीव्ही आणखी कशासाठी असतो?

पण तिला पळवाट मिळते म्हणून तुला मिळेल असं समजू नकोस. सहा आठवडे तुला बसायचं आहे. खुर्चीवाल्याच्या खुर्चीला कमरपट्टा होता, आठवतं? जहाज हादरलं की तो खट्कन लावायचा. तर सोबत पार्सल पाठवतोय. मोठे टीव्ही हातगाडीला बांधायचा माझा पट्टा आहे, लोखंडी बकलाचा. शिफ्ट सुरू झाली की कमरेला लाव. पाय जिन्याकडे निघाले तरी बाकीची तू तिथेच राहशील.

गंमत समजू नकोस. लाव.

भट्टी पेटती राहो, डोकं गार राहो.

तुझा,
मामा

ठिणगे, मी मामी लिहितेय. एका पट्ट्यासाठी ह्यांनी अख्खा माळा खाली काढला आणि परत वर ठेवायला मात्र गुडघे वाजतात म्हणे. शिडी मीच चढले. ह्या घरात हातमोजेवाली कोण ते तूच ठरव. बाकी तुमचे दोन्ही कॅप्टन मला सारखेच. एवढ्या मोठ्या जहाजावर कपडे कोण धुतं ते एकदा तरी दाखवायला हवं होतं. जेवत जा.


१९ जून

ती. मामास व मामीस सा. न. वि. वि.

पट्टा मिळाला. लावला. पहिल्या दिवशी भट्टीच्या पंख्यांवरची बाई वर आली, बघितलं आणि विचारलं की खुर्ची कुठे चाललीय का. मी म्हटलं, नाही, मी चाललेय, म्हणून बांधलंय.

दहापैकी नऊ वेळा उपयोग होतो. दहाव्या वेळी खुर्चीसकट ओढली जाते, तिला चाकं आहेत. काल दारापर्यंत पोचले होते. आता चाकांखाली विटेचे तुकडे ठेवलेत.

पण मामा, वर बसून खालचं ऐकणं फार अवघड आहे. खाली असताना भट्टी अंगाला कळायची. इथे नुसते दिवे आणि आकडे. खुर्चीवाल्याला भीती वाटत असेल का? चेहऱ्यावर तर कधी दिसली नाही. तुझ्या मुक्या टीव्हीवरही नाही.

चार आठवडे उरलेत. काही वाजलं की तुझं बकल मुठीत धरते. लिहीत राहा, कानांनी नाही तर हातांनी तरी.

तुझी,
ठिणगी


३ जुलै

चि. ठिणगीस अ. उ. आ.

दोन आठवड्यांत तुझं अक्षर नाही. मामीने कारखान्यात फोन लावला, तर उचलणाऱ्याने सांगितलं की मंगळवारी भट्टीवर काहीतरी झालं, बाई ठीक आहेत, पण साहेबांच्या खोलीत आहेत. आणि ठेवला. साहेबांच्या खोलीत आहेत म्हणजे काय? खुर्ची मिळाली की नोकरी गेली?

दोन दिवस झाले, मामी मला बोलून घेतेय. पोरीला बांधून ठेवायचा सल्ला कुठल्या शहाण्याने दिला म्हणते. आग लागली असती तर बकल उघडलं असतं का, असं विचारते. ते बकल जुनं आहे गं.

पट्ट्यामुळे काही झालं असेल तर साहेबांना माझं नाव सांग. मी येऊन समोर उभा राहीन, जिना असला तरी.

आणि हे घे, लिहून देतो: तुझा खुर्चीवाला श्रेष्ठ. माझी हातमोजेवाली दुसरी. साक्षीदार म्हणून मामीने खाली सही केली आहे. आता तरी दोन ओळी टाक.

वाट बघणारा,
मामा


६ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

शरणागती पोचली. घाबरून दिलेली आहे, म्हणून घेत नाही. रीतसर हरवते. बस.

मंगळवारी सकाळचे अकरा. आमच्या भट्टीत ज्योत दर वीस मिनिटांनी बाजू बदलते. डावीकडून पेटली तर धूर उजवीकडून जातो, मग उलट. धुराची वाट बदलायला दाराएवढी लोखंडी झडप आहे. त्या दिवशी ज्योत उजवीकडे आली, पॅनेलवर सगळे दिवे हिरवे, आणि भट्टीच्या छताचं तापमान उतरायला लागलं. पाच अंश. नऊ. चौदा. आणि दिवे हिरवेच.

मी बकल उघडलं. खोटं कशाला सांगू, उघडलं. मामीला सांग, जुनं असलं तरी लोण्यासारखं उघडतं. एक मोजाही चढवून झाला होता. आणि मग डोक्यात आलं की खाली पोचायला मला चार मिनिटं, आणि तेवढा वेळ वर गॅसच्या चावीपाशी कोणीच नाही. बाई खाली, भानगड वर. मी बकल परत लावलं, माइक ओढला, आणि तोंडातून निघून गेलं, ‘सगळे मजले, बोला.’

मामा, आमच्या कारखान्याला मजले दोनच आहेत. कॅन्टीनपासून गेटपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. तीन सेकंद कुणाला काही कळेना. मग मीच म्हटलं, काय दिसतंय तेवढंच सांगा. पंख्यांवरची बाई म्हणाली, पंखे फिरताहेत. खालच्या मशीनवरून कळलं की काच अजून मऊ आहे, पण अर्ध्या तासाच्या वर राहायची नाही. मग दाढीवाले काका. तीस वर्षं भट्टीपाशी काढलेला माणूस. भट्टीत डोकावायच्या निळ्या काचेतून बघून म्हणाले, ज्योत उजवीकडून निघतेय खरी, पण पलीकडे जात नाही, मागे वळून आपल्याच तोंडात शिरतेय. आणि मग कर्ण्यावर, अख्ख्या कारखान्यासमोर, म्हणाले, ‘पोरी, मघाशी ग्रीस लावताना झडपेची खीळ मी काढली होती. परत घातली का, आठवत नाही.’

दोन श्वास मी गप्प बसले. मोटर फिरली होती, दांडा फिरला होता, म्हणून दिवा हिरवा. पण खिळीशिवाय झडप जागची हललीच नव्हती. चित्र छान, टीव्ही बंद.

गॅस तोडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा भट्टीत ज्योत नाही. सहा माणसांना साखळीवर लावलं, हातांनी झडप ओढायला. अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं मी फक्त आकडे वाचून दाखवत होते, आणि साखळी ओढणं त्यापेक्षा हलकं असतं हे मी शपथेवर सांगते. मग काकांनी खीळ ठोकली, मी गॅस सोडला, आणि ते निळ्या काचेला डोळा लावून म्हणाले, पोचली पलीकडे. खालून अशा शिट्ट्या आल्या की तुझ्या कानांनीही संप मोडला असता.

नेमकं तेव्हाच दार उघडून मोठे साहेब आत. समोर मी, एका हातात मोजा, केस चिकटलेले, कमरेला टीव्ही बांधायचा पट्टा, चाकांखाली विटा. हे काय आहे म्हणाले. मी खरं ते सांगितलं, की मामाने पाठवलाय, मी उठू नये म्हणून. साहेबांनी पॅनेलवरचे आकडे वाचले, बकल बघितलं. मग म्हणाले, ‘पट्टा सोडा. खुर्ची तुमची.’

चाचणीचे उरलेले आठवडे माफ. चष्मेवाल्याने स्वतः येऊन हात मिळवला, आणि त्याचा हात कोरडा होता. गेटवरचा रखवालदार आता मला बघितलं की सलाम ठोकून ‘दुसरा मजला, हजर’ म्हणतो. साहेबांच्या खोलीत मी तीन दिवस होते ती चौकशीसाठी. काकांना शिक्षा झाली नाही, त्यांच्यासाठी मी भांडले. कुणाशी भांडून भांडून हात बसलाय ते तुला माहीत आहे. खिळीला आता लाल साखळी लावलीय.

तर हरलास. मान्य कर, आणि या वेळी न घाबरता.

पण एक गोष्ट राहते, ती तू लिहायच्या आत मीच लिहून टाकते. चौकशीत साहेबांनी काकांना विचारलं की गप्प राहिला असतात तर चूक कुणाची ते कळलंही नसतं, मग कर्ण्यावर का बोललात? काका म्हणाले, ‘ती सहा वर्षं माझ्या शेजारी भाजलीय. तिच्यापासून काय लपवायचं?’ मामा, खुर्चीवाल्याने विचारलं खरं, पण उत्तर मिळालं ते हातमोजेवालीला. चष्मेवाल्याने तोच प्रश्न तसाच विचारला असता, तर काका म्हणाले असते, सगळं ठीक दिसतंय.

हे तुला बावीस वर्षांत सुचलं नाही, मला सुचलं. म्हणून याचेही गुण माझ्याच खात्यात. दोन्ही कॅप्टन माझे. तुला हवा तर तो जहाजावरचा धोबी घे, मामीला विचारून.

आता तू ‘पण’ म्हणणार, मला इथून दिसतंय. म्हण. दोनची शिट्टी झाली, शिफ्ट सुटली, खाली सगळे माझी वाट बघताहेत, मी निघाले.

ठिणगी,
शिफ्टप्रमुख