खोकल्याचं औषध

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

आज एकदाचं डॉक्टरांना खरं सांगितलं. मागच्या खेपेला पडद्यापलीकडे पळस्प्याला राहणारी मेहुणी, सुमनची बहीण, बसली होती, म्हणून तोंडातून निघालं, "खोकला." खोकल्याची बाटली घेऊन घरी आलो. अजून सीलसुद्धा फोडलेलं नाही.

शिश्नाच्या टोकावरची कातडी लाल, मागे सरकत नाही, लघवीला आग. आणि मी शहाणा, जंतुनाशक साबणाने रोज घासत होतो! डॉक्टर म्हणाले, "काका, साबण बंद. नुसत्या कोमट पाण्याने धुवा, हलकेच कोरडं करा, कातडी ओढू नका. उद्या उपाशीपोटी साखर तपासा, मधुमेहात असं होतं. लगेच यायचं ना!" मग विचारलं, "आणि खोकला?"

"तो नव्हताच."

दोघंही हसलो. कुणाबरोबर तरी हसलो, कितीतरी दिवसांनी. सुमन असती तर तिनेच हाताला धरून नेलं असतं. तिच्यामागे असलं सांगायचं कुणाला?

आत्ता दुबईहून मुलाचा फोन. "बाबा, तब्येत कशी आहे?" अगदी ओठांवर आलं होतं.

"जरा खोकला आहे."

"औषध आणलंत का?"

"आणलंय ना. ही काय, समोरच आहे बाटली."