बाईच्या गळाला लागलेली सुरमई

बाबा, मी होडी घेतली तेव्हा तू हयात होतास. फोनवर सांगितलं, तर एक शब्द न बोलता तू फोन आईच्या हातात दिलास. आईने विचारलं, "जेवलंस काय?" तेवढ्यावर ते संपलं. म्हणून आता, तुला जाऊन वीस वर्षं उलटल्यावर, सगळं लिहिते आहे. या वेळी तुला फोन कोणाकडे देता येणार नाही.

मी अकरा वर्षांची आहे. तू आणि काका होडी ढकलायला किनाऱ्यावर येता आणि होडीतल्या जाळ्याच्या ढिगाआड मी सापडते. "उतर गो खाली! बायलमाणसान होडयेत पाय ठेवचो नाय." दंडाला धरून वाळूत उतरवलंस, ते मी विसरलेही असते. पण मग मी बसले होते ती फळी तू बादल्या ओतून धुतलीस आणि सगळ्यांसमोर नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडलास. पुढे मी नर्स झाले, दुबईच्या एका हॉस्पिटलात लागले, आणि दोन वर्षांनी तुझ्या होडीसाठी इंजिन पाठवलं. ते तू लावलंस. त्याच्यावर पाणी ओतलं नाहीस. बाईच्या ड्युटीतून आलेलं इंजिन चाललं, बाई चालली नाही.

आम्ही दुबईतल्या बर दुबई भागात दोन खोल्यांत राहत होतो. एक डॉक्टर देश सोडून चालला होता, त्याची जुनी फायबरची होडी विकायची होती, चौघं बसतील एवढी. तुझा जावई एसी दुरुस्तीची कामं करणारा, साताऱ्याकडचा. म्हणाला, "तुला चालवता येते?"

"नाही."

"मला पोहतासुद्धा येत नाही."

"मग जॅकेट घाल."

कोस्टगार्डचे कागद व्हायला दोन महिने लागले. होडी दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनच्या खाडीत ठेवली आणि सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. होडीच्या मागे तळाशी, आत आलेलं पाणी काढून टाकायला एक भोक असतं. त्याचं बूच लावायला मी विसरले. शंभर हात गेलो नाही तोच पायाशी पाणी. तुझी नात नाळेवरून विचारते, "ममा, आर वी सिंकिंग?" "नो!" मी ओरडले आणि भोकात आधी अंगठा, मग ओढणी कोंबली. कसेबसे परत आलो, तर धक्क्यावरचे लोक पोट धरून हसत होते. त्यांच्यात मला तू दिसलास. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले.

तू जाळ्याचा माणूस. मी रीळ आणि दोरी घेतली, नकली मासा होडीमागे ओढत फिरायचं. सात शुक्रवार एक मासा नाही. दोनदा काहीतरी लागलं आणि दोरी कचकन तुटली. धक्क्यावर एक म्हातारा अरब मच्छीमार जाळी दुरुस्त करत बसायचा. त्याने तुटलेलं टोक बोटांत धरून पाहिलं. "कनाद," तो म्हणाला. आपल्या सुरमईला ते कनाद म्हणतात. "उसका दाँत देखा? काँटा के पहले तार लगाओ, सिस्टर. और जल्दी चलाओ. मछली भाग रहा, तुम सो रहा. यल्ला!"

आठव्या शुक्रवारी तार लावली आणि वेग वाढवला. पाणी उडवत पक्षी सूर मारत होते, त्यांच्या कडेने होडी नेते आणि रीळ किंचाळायला लागतं. तुझा जावई कठड्यावर वाकून ओकत होता, तसाच तोंड पुसत त्याने सुकाणू धरलं. "सोडू नकोस!" तो म्हणाला. मी काय सोडणार होते? मासा धावला की दोरी सैल सोडायची, थांबला की गुंडाळायची. हाताला गोळे आले. आकड्याने ती आत ओढली, तेव्हा तिचं शेपूट माझ्या पायांवर आपटत होतं. कमरेपर्यंत येईल एवढी सुरमई, बाबा! होडी मी नंतर धुतली. माशाच्या रक्तासाठी धुतली.

त्या संध्याकाळी तुला फोन केला नाही. का करायचा? तिच्या तुकड्या तळल्या, तिघांनी पोटभर खाल्ल्या, उरलेल्या माझ्या वॉर्डमधल्या मल्याळी सिस्टरना नेऊन दिल्या. नंतर सहा वर्षं ती होडी मी चालवली आणि विकली ती माझ्या मर्जीने. अकरा वर्षांच्या मुलीने जे मागितलं होतं, ते तुझ्याकडे होतं आणि तू दिलं नाहीस. तुझं वय झालं, तू गेलास, रीत तशी होती, यातल्या कशासाठीही मी ते माफ करणार नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, पाण्यातही नाही. एकच गोष्ट उरली आहे, ती मी घरीही सांगितलेली नाही. सुरमई घेऊन मी एकटी पुढे धक्क्यावर उतरले, तेव्हा त्या म्हाताऱ्याने तिच्या कल्ल्यात बोटं घालून वजन बघितलं आणि विचारलं, "दरिया का काम कौन सिखाया?"

मी म्हटलं, "मेरा बाप."