ट्रॅव्हिसला ठेवायचं की बसवायचं?

आयोवा, रविवार

प्रिय मार्लीन,

मी मजेत आहे. आपल्या धाकटीचा खोकला थांबला का?

माझ्या जागी घेतलेल्या त्या दिवट्या ट्रॅव्हिसचं विचारूच नकोस. बेसबॉल खेळतो की माश्या हाकलतो, देव जाणे! काल हातातला झेल सोडला आणि उन्हाला शिव्या दिल्या. आभाळ भरलेलं होतं! नशीब फिरावं म्हणून दुसऱ्याची बॅट घ्यायचा आमच्यात रिवाज आहे; त्याने माझी मागून नेली, तीही मोडली.

मॅनेजरने मला विचारलं, "त्याला संघात ठेवू की बाकावर बसवू?"

"ठेवा. पोरगं आहे, शिकेल."

सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. गाढव लेकाचे! तो बसला तर मला परत मैदानात धावावं लागेल, आणि हा गुडघा हॉटेलचा जिनाही चढत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं, मी अजून खेळतोय.

तुझाच,
हॅरोल्ड