शोभाची कंबर आणि भाताचं रोप

४ मे, सोमवार

आजही न्हाई केलं.

शोभा, माझी सून, सकाळी सतरंजी पसरते, तिच्याकडं जरा बघते आणि घडी घालून परत ठेवते. व्यायाम झाला तो सतरंजीचा.

वेल्ह्याच्या दवाखान्यातली व्यायामवाली बाई म्हणाली होती, रोज झालं का न्हाई ते मांडून ठेवा, आणि न्हाई झालं तर का. शोभा ठेवत न्हाई, म्हणून मी ठेवते. मला अक्षर येत न्हाई. माझ्या लेकानं, दत्तानं, त्याचा जुना मोबाईल दिलाय. त्याच्यापुढं बोललं की तो लिहितो. माझं बोलणं मधे न तोडता ऐकणारा ह्या घरात हा एकच.

दोन पावसाळे झाले शोभानं कंबर धरून. फोटो काढून झाले, गोळ्या झाल्या, पट्टा झाला. बाई म्हणाली, मोडलेलं काही न्हाई, पण जोर गेलाय. रोज थोडं थोडं करा, कंबर हळूहळू ऐकेल. शोभा बाहेर आल्यावर म्हणाली, "कंबरेनं तरी किती जणांचं ऐकायचं."

७ मे, गुरुवार

आज केलं. पण काय उपयोग.

उताणं पडून गुडघे मोडायचे आणि ढुंगण वर उचलायचं, त्याचं नाव पूल. मग हातापायांवर ओणवं होऊन पाठ एकदा वर, एकदा खाली. ते मांजर आणि उंट. मांजर आमच्याकडं आहे, उंट ह्या गुंजवणे गावात कुणी बघितला आहे?

शोभानं दार लावून घेतलं. तर पलीकडची हिरा धावत आली. "आत्या, दिवसाढवळ्या दार का लावलंय? कुणाला काय झालं?" दार उघडं ठेवलं तर सून भर दिवसा उताणी पडलेली दिसते, त्याची बातमी. लावलं तर लावल्याची बातमी. शोभा उठली, पदर नीट केला, भांड्यांना बसली.

दत्ता कापूरहोळच्या गॅरेजातून आला. जेवताना म्हणाला, "आई, लावणीपतोर हिची कंबर न्हाई सुधारली तर रान अर्धेलीनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकू. कापूरहोळला खोली बघून ठेवलीय. तूबी चल."

म्या म्हणलं, "मला कुठं ठेवशील, टायरांच्या थप्पीवर?" तो हसला. मीही हसले.

ह्या दारातून मला खांद्यावर जायचं आहे. टेम्पोत बसून न्हाई.

१२ मे, मंगळवार

युक्ती केली. आधी पूल, मग चहा.

शोभानं चहा सोडला.

आता मी एकटीच पिते. गोड लागत न्हाई.

१५ मे, शुक्रवार

दुसरी युक्ती. ही माझी मलाच आवडली.

बाई स्वतःच्या अंगासाठी घटकाभर बसत न्हाई. पण सावडीचं देणं असलं तर तापातसुद्धा उठून जाते. आज तू माझ्या रानात वाकलीस, तर उद्या मी तुझ्या. हे आमच्याकडं कुणी चुकवत न्हाई. मग म्हणलं, व्यायामाचीच सावड का घालू नये? हिराचीही कंबर गेलेलीच आहे. आज तिच्या घरात दोघींनी करायचं, उद्या आमच्यात.

हिरा म्हणाली, "आत्या, आता ढुंगणं उचलायचीबी सावड?"

"व्हय. आणि फेडली न्हाईस तर लावणीला तुझ्या रानात आमच्यातलं कुणी येणार न्हाई."

गेल्या दोघी. दार लावलं. मी उंबऱ्यावर बसले. कुणी विचारलं तर सांगायचं, आत पापड लाटतायत.

१९ मे, मंगळवार

चाललंय. रोज. उंटाला हिरा इतकी हसते की आडवी होते. आज आतून शोभाच्या हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. मी बाहेर बसून सगळ्या वाडीला पापडाचं सांगतेय. एक म्हातारी म्हणाली, मग दे की दोन. तेवढीच पंचाईत.

शोभा उठताना भिंतीला हात लावते ते आज लावला न्हाई. म्या बघितलं न्हाई असं दाखवलं.

२३ मे, शनिवार

सावड मोडली.

अधिक महिना लागलाय. लेकी-जावयांना धोंड्याचं जेवण. हिरा नवऱ्याला घेऊन माहेरी गेली. आज शोभा आणि दत्ता मार्गासनीला, तिच्या माहेरी. दत्ता जेवून, कपडे घेऊन परत. शोभा राहिली, दहा-बारा दिवसांसाठी. जाताना म्या पिशवीत सतरंजी घातली, तिनं काढून ठेवली.

गेला सगळा जोर. आता परत पहिल्यापासून. माझं वय पहिल्यापासून करायचं आहे का.

३० मे, शनिवार

मार्गासनीहून विहीणबाईंचा फोन.

"तुमी लावलेलं वळण लई चांगलं हो. पोरगी रोज सकाळी उठून व्यायाम करती. सांगावं लागत न्हाई. अंगणात, सगळ्यांदेखत. काल म्हशीच्या शेणाची पाटी उचलली तिनं."

म्या म्हणलं, बरं झालं.

फोन ठेवला. चुलीवरचं दूध उतू गेलं ते वासानं कळलं.

तितं करते. हितं न्हाई.

३ जून, बुधवार

आली. चालताना ताठ होती. घरात पाय ठेवला आणि हात कंबरेवर गेला.

भांडी घासत होती तिथं जाऊन बसले.

"मार्गासनीला करत होतीस म्हणं."

"करत होते."

"मग हितल्या जमिनीला काय काटे हायत?"

तिनं घासलेला तांब्या परत घासायला घेतला. मग बोलली. वर न बघता.

"आत्या, तितं कंबर बरी झाली की मी पाय पसरून आईशी बोलत बसते. हितं बरी झाली की चिखलात. दुखती म्हणून तरी कुणी वाक म्हणत न्हाई. तुमाला माझी कंबर बरी करायचीय, का रोप लावायला माणूस पायजे?"

   लावणीच्या आधी, लावणीच्या आधी, हेच तर महिनाभर म्हणत होते मी. कंबरेसाठी म्हणून एकदाही म्हणलं न्हाई.

१० जून, बुधवार

वेल्ह्याला गेलो. बाईला मांजर, उंट, सावड सगळं सांगितलं. शोभानं भांडी घासताना विचारलं ते सांगितलं न्हाई. बाई म्हणाली, "आजी, काही दिवस तुम्ही मागं लागणं सोडून बघा."

सोडलं तर माझ्याकडं दुसरं काम काय आहे?

एसटीत शोभाला म्हणलं, "यंदा लावणीला तुला हाक मारणार न्हाई. व्यायाम तुझा तुझ्यासाठी कर."

"रोप पिवळं पडाया लागलं की माराल."

"न्हाई मारणार."

"बघू."

खिडकीतून बाहेर बघत होती. हसली का काय, मला तोंड दिसलं न्हाई.

१६ जून, मंगळवार

सतरंजी तिथंच. म्या बोलले न्हाई. दात दुखायला लागले न बोलून.

२५ जून, गुरुवार

रोप चांगलं उगवलंय. हिरवंगार. दुसऱ्या कुठल्या वर्षी बघून बरं वाटलं असतं.

दत्ता म्हणाला, खोलीवाल्याला लावणी झाल्यावर सांगतो. शोभा ताटं उचलत होती. ती काय म्हणेल म्हणून मी कान दिला. तिनं ताटं मोरीत नेऊन ठेवली.

८ जुलै, बुधवार

सावडीच्या बाया येऊन गेल्या. हिरा सगळ्यांत पुढं. भाताची मोठी खाचरं लावून झाली. ओढ्याकडचं राहिलं. त्या आपापल्या रानात गेल्या, आता फेडायला आमच्यातलं कोण जाणार ते मी हिराला विचारलं न्हाई, तिनंही काढलं न्हाई. मजूर मिळत न्हाई. दत्ताला गॅरेजातून एकच दिवस सुट्टी मिळाली, तो चिखल करून गेला.

मला चिखलात वाकायचे कष्ट न्हाईत. मी वाकलेलीच आहे. कष्ट आहेत ते परत उभं राहायचे. म्हणून उभीच राहत न्हाई. बसल्यासारखी सरकत लावते.

शोभाला हाक मारली न्हाई.

१४ जुलै, मंगळवार

रोपाचे शेंडे पिवळे. निम्मं खाचर बाकी.

दुपारी शोभा भाकरी घेऊन बांधावर आली. टोपलं ठेवलं. उभी राहिली. मी खालीच बघत लावत होते. हाक मारली न्हाई. म्हणलं होतं ना.

मग चपला काढल्याचं ऐकू आलं.

ती खाचरात उतरली. रोपाची मूठ उचलली आणि माझ्या शेजारून लावत निघाली. तिचा हात माझ्या दुप्पट चालतो. नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. तोंड उघडलं न्हाई. रोप लागत होतं, आणि ते बघून मला बरं वाटत होतं. हाक मारली न्हाई म्हणजे बोलल्याला जागले, असं म्हणायचं का? मोबाईल, तू तरी सांग.

खाचर झालं. ती बांधावर आली ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी पुढं झाले तर म्हणाली, "धरू नका."

आता संध्याकाळ आहे. ती आली तशी मधल्या खोलीत गेली. सतरंजी ओढल्याचा आवाज आला आणि दार आतून लागलं. तेव्हापासून काही न्हाई. कंबर धरून पडली आहे का पूल करते आहे, बाहेरून कळायला मार्ग न्हाई. कापूरहोळचं मनाशी ठरवते आहे का, तेही न्हाई. हाक मारली तर मागं लागल्यासारखं, न मारली तर दुपारी तोंड मिटून बघितलं तसं.

हिरा डोकावली. "आत्या, दार का लावलंय?"

म्हणलं, "पापड लाटतीय."

उंबऱ्यावर बसले आहे. चहा दोघींचा ओतलाय. तिचा निवत आला.